पिवळा दिवा आणि वऱ्हाडी इलाज

वरूड-मोर्शीच्या संत्र्यांवर वाढलेल्या माणसाने पिवळ्या-नारिंगी रंगाला भ्यावे, असे खरे तर काही कारण नाही. तरीही मोटारीची किल्ली फिरवली की मीटरवर त्याच रंगाचा एक गोल दिवा लागतो, त्याच्या पोटात इंग्रजीतली तीन अक्षरे असतात, आणि त्याने विझायला जरा जास्त वेळ घेतला की अमरावतीतल्या भल्याभल्यांचे चेहरे उतरतात. एबीएस. म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम. एप्रिल २०१९ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची झाली, आणि तेव्हापासून हा दिवा घरोघरी पोचला. त्याआधी तो डॉक्टर आणि कंत्राटदार यांच्याच गाड्यांत दिसायचा. बाकीच्यांचे ब्रेक लागत होते की नाही, हे पुढच्या गाडीच्या डिकीवरून कळायचे.

आमच्या गाडीत हा दिवा लागला आणि विझेना, तेव्हा पहिला सल्ला अकोल्याच्या साडूंनी फोनवर दिला. “गाडी थांबते नं? मंग झालं तं! त्या दिव्याच्या कायले नादी लागून रायले?” मेव्हणा जरा सुधारक वृत्तीचा. तो म्हणाला, त्यावर काळी टेप लावा, रात्री डोळ्यांवर येणार नाही. शेजारच्या काकांचा भर फ्यूजवर होता. फ्यूज काढला की मुळावरच घाव, असे त्यांचे मत. फ्यूज काढल्यावर दिवा उलट कायमचाच लागतो, हे त्यांना पटवता पटवता चहा निवला. आणखी एका स्नेह्यांनी बॅटरीची तार पंधरा मिनिटे काढून ठेवण्याचा प्रयोग सुचवला. काही गाड्यांत त्याने दिवा खरोखर विझतो, आणि गाडी बडनेरा रोडला लागेपर्यंत विझलेला राहतो.

हे सगळे इलाज दिव्यावर होते. ब्रेकवर एकही नव्हता.

साडूंचे म्हणणे अर्धे खरे आहे, हे मात्र कबूल केले पाहिजे. एकटा पिवळा दिवा लागलेला असेल, तर गाडीचे रोजचे ब्रेक चालू असतात. एबीएसने फक्त एवढेच कळवलेले असते की, बाबांनो, माझ्याकडे नीट माहिती येत नाही, तेव्हा मी बाजूला बसतो, तुमचे तुम्ही पाहा. आपल्याला न समजणाऱ्या कामात हात घालायचा नाही आणि तसे उघडपणे सांगायचे, हा गुण माणसांत किती दुर्मीळ आहे! पण त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला आणि हँडब्रेक तर खाली आहे, तर मात्र साडूंचे ऐकू नये. गाडी कडेला घ्यावी, बॉनेट उघडावे, ब्रेक ऑइलची बाटली पाहावी आणि तेल खाली गेलेले असेल तर टोइंगवाल्याला फोन करावा.

आता ही व्यवस्था करते काय? जोरात ब्रेक दाबला आणि रस्ता ओला असला, तर चाक जाम होते. जाम झालेले चाक फिरत नाही, नुसते सरकते, आणि सरकणाऱ्या चाकाला स्टेअरिंगचे काही ऐकू येत नाही. तुम्ही डावीकडे वळवा की उजवीकडे, गाडी आपली सरळ. ओल्या पांदणीच्या उतारावर बैल बिथरले, तर जाणता गाडीवान कासरा एकदम आवळून धरत नाही. ताणतो, किंचित सोडतो, पुन्हा ताणतो. एबीएस चाकाशी हेच करते, फक्त सेकंदाला दहा-पंधरा वेळा. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर बसलेला असतो. चाकाबरोबर एक दातेरी कडे फिरते, त्याचा एकेक दात सेन्सरपुढून गेला की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वायरीतून एक ठोका वर जातो. वर बसलेला संगणक चारही चाकांचे ठोके मोजत असतो. तीन चाके फिरताहेत आणि चौथे एकदम मंदावले, की त्या चाकाच्या ब्रेकमधला दाब तो क्षणभर सोडतो आणि परत देतो.

गाडी यामुळे नेहमी कमी अंतरात थांबते, हा समज मात्र खरा नाही. डांबरावर, विशेषतः ओल्या डांबरावर, बहुतेक वेळा थांबते. पण गिट्टीवर किंवा भुसभुशीत मातीवर जाम झालेले चाक आपल्यापुढे मातीचा ढीग लोटते आणि त्या ढिगाला अडते. एबीएस चाकाला जाम होऊ देत नाही, त्यामुळे तिथे अंतर वाढूही शकते. खरा फायदा वळवता येण्याचा आहे. मूर्तिजापूरच्या आसपास संध्याकाळच्या वेळी शेतातून रोही रस्त्यावर येतो तेव्हा त्याचे महत्त्व कळते. रोह्याला वाहतुकीचे नियम ठाऊक नसतात. तो अर्ध्या रस्त्यात येऊन थबकतो आणि तुमच्याकडे पाहतो. ताशी ८० किलोमीटरने गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते, आणि तुमचा पाय ब्रेकवर पोचायलाच साधारण एक सेकंद लागतो. उरलेल्या अंतरात ब्रेकही लागावा आणि गाडी बाजूलाही घेता यावी, यासाठी हा सगळा खटाटोप.

आणि नेमक्या अशा वेळी आपल्या पिढीचे लोक एक गंमत करतात. आम्हाला गाडी शिकवणाऱ्यांनी ॲम्बेसिडरवर शिकवले होते. निसरड्या रस्त्यावर ब्रेक दाबा-सोडा, दाबा-सोडा करायचा, हा त्यांचा मंत्र, आणि त्या गाडीसाठी तो बरोबरच होता. एबीएसच्या गाडीत दाबा-सोडाचे काम गाडी करते. आपण नुसते ठणकावून दाबून धरायचे असते. पण पॅडल पायाखाली ठकठक उडू लागले, बॉनेटमधून घरघर ऐकू आली, की माणूस घाबरतो, काहीतरी मोडले असे समजतो आणि पाय उचलतो. जीव वाचवायला आलेल्यालाच दारातून परत पाठवण्याचा हा प्रकार. म्हणून नवी गाडी घेतली की मोकळ्या, रिकाम्या रस्त्यावर ताशी तीस-चाळीसच्या वेगात एकदा कचकन ब्रेक दाबून ती थरथर पायाला ओळखीची करून घ्यावी. मागे कोणी नाही ना, हे आरशात पाहून.

या यंत्राचा इतिहास विमानापासून सुरू होतो. धावपट्टीवर उतरताना चाक जाम झाले की टायर फुटायचा, म्हणून १९५० च्या दशकात विमानांना डनलॉपचे ‘मॅक्सारेट’ नावाचे यंत्र लागले. १९६६ साली तेच यंत्र इंग्लंडच्या जेन्सन एफएफ या मोटारीत बसले, आणि १९७८ मध्ये बॉशने बनवलेले इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये आले. तिथून ते अमरावतीच्या राजकमल चौकात यायला आणखी चाळीस वर्षे लागली. इतिहास एवढा पुरे, कारण दिवा अजून लागलेलाच आहे.

तो विझत नाही म्हटल्यावर गाडी एका चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथे गाडीआधी माणसाला एसीत बसवतात. स्टेअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला गेला आणि कोड निघाला: पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर. एबीएसचे कोड बहुधा ‘सी’ अक्षराने सुरू होतात. बऱ्याच गाड्यांत पुढच्या डाव्या चाकासाठी सी-००३५ येतो. ऑनलाइन मिळणारे स्वस्तातले स्कॅनर बहुतेक इंजिनाचेच कोड वाचतात आणि एबीएसबद्दल ‘काही बिघाड नाही’ असे हसतमुखाने सांगतात, तेव्हा त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. तर कोड निघाला, नवा सेन्सर बसला, बिल झाले, दिवा लागलेलाच राहिला. मग सांगण्यात आले की, आता एबीएसचे अख्खे युनिटच बदलावे लागेल. आकडा ऐकल्यावर एसीतही घाम फुटला.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. ‘पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर’ असे कोड सांगतो, याचा अर्थ तो सेन्सर खराब आहे असा नसतो. त्या चाकाकडून ठोके येत नाहीत किंवा वेडेवाकडे येतात, एवढेच संगणकाला कळलेले असते. सेन्सर, त्याची वायर, वायरीचा जोड, दातेरी कडे, बेअरिंग, यांपैकी कोण गुन्हेगार आहे ते त्याला ठाऊक नसते. कोड वाचून सुटा भाग मागवणे हे निदान नव्हे, ती खरेदी झाली.

शेवटी गाडी एका जुन्या मिस्त्रीकडे गेली. बडनेरा रोडच्या एका आडवळणाला पत्र्याची शेड, बाहेर निंबाचे झाड, झाडाला टांगलेली ट्यूब, आणि ‘पोट्टा’ या एकाच नावाने हाक मारली की धावत येणारी तीन मुले. मिस्त्रीने स्कॅनरला हात लावला नाही. बॉनेटही उघडले नाही. हात पुसत विचारले, “सर, हा दिवा लागाच्या आंधी गाडीले काय केलं होतं?”

काही नाही, मी म्हणालो. मग आठवले. पुढच्या डाव्या चाकातून ‘घूंऽऽ’ असा आवाज येत होता म्हणून एका ठिकाणी बेअरिंग बदलून घेतले होते. आवाज गेला, आम्ही खूश. दिवा त्यानंतरच लागला, पण आवाजाची तक्रार वेगळी आणि दिव्याची वेगळी, अशी आमची समजूत. दोन फायली आम्ही एकत्र बांधल्याच नव्हत्या.

“मंग तं सापडलंच म्हना,” मिस्त्री म्हणाला.

आजच्या पुष्कळ गाड्यांत दातेरी कडे वेगळे नसतेच. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच उत्तर-दक्षिण-उत्तर-दक्षिण असे बारीक बारीक चुंबक गोलाकार भरलेले असतात आणि सेन्सर ते मोजतो. दिसायला ते सील अगदी साधे, काळे, रबरी. दुसऱ्या बाजूचे सीलही तसेच. घाईत बेअरिंग उलटे दाबून बसवले, तर चाक झकास फिरते, आवाज येत नाही, कोणाची तक्रार राहत नाही. फक्त सेन्सरच्या पुढे चुंबकाऐवजी नुसते रबर येते आणि तो बिचारा मुका होतो. मिस्त्रीने टेबलावरचे नवे बेअरिंग उचलले, एका बाजूला टाचणी लावली. पडली. दुसऱ्या बाजूला लावली. चिकटली. “हे बाजू सेन्सरकडं पायजे. पाहून घ्या, सर, म्हनजे उद्या मी उलटं बसवलं तं तुमाले समजन.” दाबून बसवलेले बेअरिंग काढताना बहुधा कामातून जाते, म्हणून नवे घालावे लागले. युनिटच्या आकड्यापुढे त्याची किंमत सांगायला लाज वाटावी इतकी कमी होती. गाडी रस्त्यावर आली, थोडा वेग घेतला, बॉनेटमधून बारीकसा ‘गुर्र’ आवाज आला, म्हणजे एबीएसची मोटार आपली आपण तपासून मोकळी झाली, आणि दिवा गेला.

त्या शेडमध्ये नंतरही अधूनमधून बसणे होते, कारण तिथला चहा बरा असतो आणि मिस्त्रीच्या बोलण्यात वऱ्हाडचे सगळे ऋतू येतात. पावसाळ्यात येणारे रुग्ण चिखलाचे. आमची काळी माती सुकली की फाटते आणि भिजली की सोडत नाही. शेतातून आलेल्या गाडीच्या चाकाआड ती अशी बसते की सेन्सर आणि कडे यांच्यामधली बोटाच्या नखाएवढीही नसलेली फट बुजून जाते. शिवाय सेन्सरात चुंबक असतो, आणि आपल्या ओढ्या-नाल्यांच्या वाळूत लोहचुंबक फिरवला की काळी कणी चिकटते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तीच कणी, त्यात ब्रेकच्या घासण्याने निघालेला लोखंडी भुगा, असे दाढीसारखे त्या टोकाला वाढते. मग आणखी एक विचित्र लक्षण दिसते. दिवा लागत नाही, पण कोरड्या रस्त्यावर, हळूच ब्रेक लावून गाडी थांबता थांबता पॅडल उगाच थरथरते. ठोके क्षीण झाल्यामुळे चाक थांबण्याआधीच ते थांबले, असे संगणकाला वाटते. कड्याला बारीक चीर गेली असली किंवा बेअरिंग ढिले झाले असले, तरी हेच होते. अशा रुग्णाला मिस्त्री आधी झाडतो, ब्रश आणि ब्रेक क्लीनर घेऊन. ज्या गावात गाडगेबाबांची समाधी आहे, तिथे खराट्याने सुरुवात करावी हे कोणी वेगळे सांगायला नको. तरी नवा भाग विकायची घाई किती जणांना असते पाहा. सेन्सर काढताना मात्र तो स्क्रूड्रायव्हर घालून उचकू देत नाही. गंजात अडकलेला असतो, प्लॅस्टिक मोडते आणि साफ करायला आलेला माणूस नवा घेऊन जातो.

उंदीर हा दुसरा मोठा विषय. गोदामाशेजारी, संत्र्याच्या बागेत, नाहीतर नुसतीच अंगणात महिनाभर उभी राहिलेली गाडी म्हणजे त्यांना बांधून दिलेला वाडा. वायरीचे आवरण ते कुरतडतात, आणि चार रंगीत वायरींतली एकच तोडतात, तीही चाकाकडे जाणाऱ्या जागी, जिथे हात पोचत नाही. बॉनेटमध्ये तंबाखूची पाने ठेवली की उंदीर येत नाहीत, असे लोक सांगतात. मिस्त्रीचे त्यावर मत असे की वऱ्हाडातल्या उंदराला तंबाखूचे भय दाखवण्यात अर्थ नाही. चाक वळताना वाकून वाकून वायर आतून तुटते, वरून मात्र शाबूत दिसते. तेव्हा तो मीटर लावून वायर हाताने हलवतो आणि आकडा उडतो का ते पाहतो. स्कॅनर त्याच्याकडे आहे, चांगल्यातला आहे. तो लावून एक पोट्टा शेजारी बसतो, गाडी चालते, आणि चार चाकांचे वेग पडद्यावर धावत असतात. तीन चाके वीस दाखवत असताना एकाने शून्य दाखवले, की चौकशी तिथून सुरू.

उन्हाळ्यात बॅटरीचे रुग्ण. अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की आधीच थकलेली बॅटरी कोलमडते, गाडी सुरू होताना व्होल्टेज पडते आणि एबीएसचा संगणक रुसतो. ब्रेकच्या पॅडलवरचा स्विच खराब झाला, तरी दिवा लागू शकतो. मागचे ब्रेक लाइट पेटतात का, एवढे पाहिले तरी त्याचा अंदाज येतो. मग हौशी मंडळी: पुढे रुंद टायर, मागे कंपनीचे. पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या वेगाने फिरली की संगणकाने तरी कोणावर विश्वास ठेवायचा? आणि ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल पीत असते, ओल आतल्या बारीक व्हॉल्व्हना गंजवते, आणि खरोखरच युनिट बदलायची पाळी येते ती बहुधा अशाने. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचे असते. सोळा वर्षे एकाच ऑइलवर काढलेले एक गृहस्थ मिस्त्रीकडे आले होते, आणि ‘ओरिजिनल हाये’ असे अभिमानाने सांगत होते.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणाऱ्यांसाठी त्याची एक वेगळी ताकीद असते. घाट उतरताना एबीएसच्या भरवशावर सतत ब्रेकवर पाय ठेवला, तर ब्रेक तापून निकामी होतात, आणि तापलेल्या ब्रेकपुढे एबीएसचे काही चालत नाही. खालचा गिअर टाकावा, इंजिनाला धरू द्यावे.

हे सगळे आठवायचे कारण अमरावती-अकोला रस्ता. जून २०२२ मध्ये या महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनीज बुकात गेला. ज्यांनी त्याआधीची वर्षे याच रस्त्यावर काढली, त्यांना तो चमत्कारच वाटला. पूर्वी खड्डेच एवढे होते की चाक जाम व्हायला लागणारा वेगच कोणाला मिळत नव्हता. आता मिळतो. साडूंचा मुलगा अकोल्याहून आमच्याकडे किती वेळात पोचला हे सांगतो, तेव्हा त्याची आई देवापुढे जाऊन उभी राहते. वर ‘एबीएस आहे ना!’ हे त्याचे पालुपद. १९८० च्या दशकात जर्मनीतल्या म्युनिकमध्ये टॅक्सीवाल्यांवर एक प्रसिद्ध प्रयोग झाला होता. एकाच ताफ्यातल्या काही टॅक्सींना एबीएस होते, काहींना नव्हते. अपघातांत म्हणावा असा फरक पडला नाही. एबीएसवाले अधिक बेदरकारपणे हाकू लागले होते, वळणे जास्त कडक घेत होते. यंत्राने दिलेली सवलत त्यांनी खर्चून टाकली. म्युनिकचे आणि मूर्तिजापूरचे या बाबतीत छान जमले असते.

साडूंच्या गाडीतला दिवा मात्र कधीच लागलेला दिसत नाही. चौकशी केल्यावर कळले की ती गाडी त्यांनी जुनी घेतली आणि किल्ली फिरवली तरी तो दिवा क्षणभरसुद्धा पेटत नाही. ते याला गाडीची प्रकृती उत्तम असल्याचे लक्षण समजतात. जुन्या गाड्यांच्या बाजारात दिवा काढून टाकणारे असतात, आणि त्याहून हुशार लोक त्याची वायर शेजारच्या ऑइलच्या दिव्याला जोडून देतात, म्हणजे तो लागतोही आणि विझतोही. साडूंना मिस्त्रीचा पत्ता दिला आहे. ते अजून गेलेले नाहीत.

तुम्ही जुनी गाडी पाहायला जाल, तेव्हा टायरला लाथ मारण्याआधी एवढे करा. किल्ली ‘ऑन’ला आणा, इंजिन सुरू करू नका, आणि मीटरकडे पाहा. एबीएसचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि बहुतेक गाड्यांत काही सेकंदांनी आपला आपण विझला पाहिजे. लागलाच नाही, किंवा इंजिन सुरू केल्यावर बरोबर ऑइलच्या दिव्याबरोबरच विझला, तर मालकाला कारण विचारा. कारण पटले, तरी गाडी रिकाम्या रस्त्यावर न्या आणि मागचे पाहून एकदा जोरात ब्रेक दाबा. पॅडल थरथरले नाही आणि चाके किंचाळत सरकली, तर इसार देऊ नका.